कोळसा आहे, पण खाण होईल का?

शेतात ड्रिलिंगचे यंत्र उभे राहिले की गावात बातमी पसरते : इथे कोळसा निघाला, आता खाण होणार, गाव उठणार. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड, कामठी, पारशिवनी, सावनेर या भागांत आणि पलीकडे चंद्रपूर-यवतमाळ जिल्ह्यांत अशी बातमी अनेक गावांनी कधी ना कधी ऐकली आहे. शाळेतली मुलेही यंत्राभोवती जमतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न येतो, "सर, आपल्या गावाखाली कोळसा आहे का?"

या प्रश्नाच्या पोटात खरे तर दोन प्रश्न आहेत. कोळसा आहे का, हा पहिला. असलेला कोळसा काढण्याजोगा आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भूविज्ञान देते. दुसऱ्याचे उत्तर देताना भूविज्ञानाच्या जोडीला अंकगणित येते, बाजारभाव येतो, पाणी येते आणि माणसेही येतात. ही दोन उत्तरे कशी काढतात, ते आपण पाहू. यातले बहुतेक गणित आठवी-नववीच्या मुलांना जमण्यासारखे आहे.

नागपूरच्या पायाखाली

नागपूर शहर हे भूविज्ञानाच्या दृष्टीने तीन प्रदेशांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सिताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे अतिप्राचीन पट्टिताश्म. आणि उत्तरेला, कामठीच्या बाजूला, गाळाचे खडक. कोळसा सापडतो तो या तिसऱ्या प्रदेशात.

हे गाळाचे खडक गोंडवन समूहातले. साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकमेकांना जोडलेले होते. त्या भूमीवरच्या खोलगट, दलदलीच्या खोऱ्यांत ग्लॉसोप्टेरिस आणि तिच्या सोबतच्या वनस्पतींचे थरावर थर साचले, गाळाखाली गाडले गेले, दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या खडकांतून अशा वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

या खडकांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर्वांत खाली पट्टिताश्माचा पाया. त्यावर तालचीर थर : हिरवट शेल आणि हिमनद्यांनी आणून टाकलेले दगडगोटे. त्यावर बाराकर थर. कोळसा यातच असतो. त्यावर चिकणमातीचे मोतूर थर आणि त्यावर कामठी थर, म्हणजे मुख्यतः वालुकाश्म. या थरांना कामठीचे नाव मिळाले आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यातल्या तशाच खडकांनाही तेच लागू झाले. काही ठिकाणी या सगळ्याच्या वर दख्खनचा पाषाण पसरला आहे आणि अगदी वर आपली काळी माती.

क्रम माहीत असण्याचा फायदा काय? ड्रिलिंग करताना कुठे थांबायचे ते कळते. बाराकर ओलांडून खालचा हिरवट तालचीर शेल हाती येऊ लागला की पुढे खोदण्यात अर्थ नसतो, कारण कोळसा असेल तर तो वरच असणार. उलट, कामठीचा वालुकाश्म लागला म्हणून निराश व्हायचे कारण नाही. कोळसा त्याच्या खाली असू शकतो. कामठी आणि उमरेडच्या परिसरात मातीच्या आवरणामुळे कोळशाचे थर जमिनीवर फारसे दिसत नाहीत. त्यामुळे ड्रिलिंगला पर्याय नसतो.

आठ कोटींत एक

ड्रिलिंगमधून जो दगडाचा दंडगोल वर येतो त्याला 'कोअर' म्हणतात. त्याचा व्यास साधारण पाच-सहा सेंटिमीटर. कोअरचे तुकडे क्रमाने लाकडी किंवा पत्र्याच्या पेट्यांत मांडून ठेवतात. कितव्या मीटरला काय लागले, थर किती जाड, त्यात शेलच्या पट्ट्या किती, याची नोंद होते. कोळशाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. भोकात उपकरणे सोडून खडकांची घनता आणि विद्युतरोधही मोजतात, म्हणजे एखादा तुकडा वर येताना हरवला तरी नोंद राहते. ही कामे करणाऱ्या अनेक संस्था नागपुरात आहेत : मिनरल एक्स्प्लोरेशनचे मुख्यालय, सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूटची प्रादेशिक संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय. प्रत्यक्ष खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालयही इथलेच. ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली.

आता एक हिशोब करू. भारतात रूढ असलेल्या पद्धतीनुसार कोळशाचा साठा 'सिद्ध' म्हणायचा तर बोअर एकमेकांपासून ४०० मीटर किंवा त्याहून कमी अंतरावर हवेत. अंतर वाढत गेले, किलोमीटर-दोन किलोमीटर झाले, तर तोच साठा 'निर्देशित' ठरतो आणि त्याहून विरळ माहितीवर 'अनुमानित'. दर ४०० मीटरला एक बोअर, म्हणजे प्रत्येक बोअरच्या वाट्याला ४०० × ४०० = १,६०,००० चौरस मीटर, म्हणजे १६ हेक्टर किंवा सुमारे ४० एकर जमीन. पाच सेंटिमीटर व्यासाच्या कोअरचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर आपण जमिनीचा आठ कोटींतला एक भाग पाहिला आणि उरलेल्याचा अंदाज केला, असे निघते. आणि हा झाला 'सिद्ध' साठा!

हा अंदाज मुलांना करून पाहता येईल. एका खोक्यात रंगीत मातीचे चार-पाच थर घाला. एक थर काळा ठेवा आणि तो थोडा तिरका घाला. वरून साध्या मातीने झाका. पेनच्या रिकाम्या नळीने पाच ठिकाणी भोके पाडून नळीत आलेली माती पाहायची आणि काळ्या थराचे चित्र काढायचे. मग सुरीने खोका उभा कापून चित्राशी ताडून पाहायचे. पुढच्या वेळी मुलांना न सांगता काळा थर मध्येच तोडून एक बाजू खाली सरकवा. खडकांत असे होते तेव्हा त्याला प्रस्तरभंग म्हणतात.

प्रस्तरभंग ओळखायचा कसा? समजा, थर दर दहा मीटर आडवे गेल्यावर एक मीटर खाली उतरतो. पहिल्या बोअरमध्ये कोळसा ४० मीटरवर लागला. मग ४०० मीटर पुढच्या बोअरमध्ये तो ८० मीटरवर लागायला हवा. प्रत्यक्षात लागला ११० मीटरवर. कोळसा ३० मीटर जास्त खाली का गेला? एक तर थराचा उतार वाटला त्यापेक्षा जास्त आहे, नाही तर मध्ये कुठेतरी थर तुटला आहे. बरोबर मध्यावर तिसरा बोअर घ्या. तिथे कोळसा ७५ मीटरवर लागला, तर उतारच जास्त. ६० मीटरवर लागला, तर तूट मधल्या आणि शेवटच्या बोअरच्या दरम्यान. ९० मीटरवर लागला, तर तूट पहिल्या आणि मधल्या बोअरच्या दरम्यान. भूवैज्ञानिक असेच एकेक भोक विचार करून घेतो. प्रत्येक भोकाला पैसे लागतात आणि प्रत्येक भोक एका प्रश्नाचे उत्तर असते.

एक साधा अपूर्णांक

कोळसा काढायच्या दोन पद्धती. भूमिगत खाणीत खाली उतरून कोळसा काढतात, पण छत टिकवण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवावे लागतात; बराच कोळसा तसाच राहतो. खुल्या खाणीत वरचे सगळे काढून टाकून कोळसा उघडा करतात आणि जवळजवळ सगळा उचलतात. १९७०च्या दशकात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशातला बहुतेक कोळसा भूमिगत खाणींतून येत होता. आज नव्वद टक्क्यांहून अधिक खुल्या खाणींतून येतो.

कोळशाच्या वर जे काही असते त्याला खाणीच्या भाषेत 'ओव्हरबर्डन' म्हणतात, थोडक्यात ओबी. एक टन कोळशासाठी किती घनमीटर ओबी काढावी लागेल, या अपूर्णांकाला 'स्ट्रिपिंग रेशो' म्हणतात. खुल्या खाणीची शक्यता तपासताना सर्वांत आधी हा अपूर्णांक मांडला जातो.

समजा, थराची जाडी १२ मीटर आहे आणि एक घनमीटर कोळशाचे वजन दीड टन. (वर्धा खोऱ्यात याहून जाड थरही आहेत, कामठी क्षेत्रात एकाखाली एक असे अनेक थर आढळतात.) म्हणजे एक चौरस मीटर जमिनीखाली १२ × १.५ = १८ टन कोळसा. वर ३६ मीटर ओबी असेल तर अपूर्णांक ३६ ÷ १८ = २. ओबी ७२ मीटर असेल तर ४, आणि १०८ मीटर असेल तर ६.

आपला थर दहात एक या उताराने खाली जातो. तो जिथे मातीच्या लगेच खाली आहे, तिथून आपण खोदायला सुरुवात केली, तर ३६० मीटर पुढे अपूर्णांक २ होईल, ७२० मीटरवर ४ आणि १०८० मीटरवर ६. पुढे जावे तसा प्रत्येक टन महाग होत जातो. मग थांबायचे कुठे?

काल्पनिक आकडे घेऊ. एक घनमीटर ओबी काढायला १५० रुपये लागतात. कोळसा काढणे, वाहणे वगैरे इतर खर्च टनामागे ५०० रुपये. कोळशाचा भाव टनाला १,४०० रुपये. ओबीवर जास्तीत जास्त १,४०० – ५०० = ९०० रुपये खर्च करता येतील. ९०० ÷ १५० = ६. म्हणजे अपूर्णांक ६ होईपर्यंत, १०८० मीटरपर्यंत, खाण परवडते. आता भाव उतरून १,१०० रुपये झाला असे समजा. मग ६०० ÷ १५० = ४. खाणीची हद्द ७२० मीटरवर आली.

कोळसा जागचा हललेला नाही. भाव बदलला आणि खाणीची हद्द ३६० मीटर मागे सरकली. भाव चढला किंवा यंत्रे स्वस्त झाली तर ती तितकीच पुढेही सरकेल, कदाचित एखाद्या गावाच्या वेशीपर्यंत. 'इथला कोळसा काढण्याजोगा नाही' हे वाक्य म्हणूनच नेहमी एका विशिष्ट वर्षाचे असते.

अपूर्णांक बिघडवणाऱ्या गोष्टी

कागदावरचा अपूर्णांक जमिनीत उतरताना बदलतो. पहिले कारण, थरातल्या शेलच्या पट्ट्या. १२ मीटरच्या थरात २ मीटर शेल निघाला तर कोळसा उरला १० मीटर, म्हणजे १५ टन. आणि ते २ मीटर ओबीत गेले. ७२ मीटर खोलीवर अपूर्णांक ७४ ÷ १५ = ४.९ झाला. तो आधी ४ होता.

दुसरे कारण, खाणीची भिंत. ती सरळ उभी ठेवता येत नाही, कोसळेल. म्हणून पायऱ्या करत तिरकी ठेवतात. आपली खाण शेवटी ७२ + १२ = ८४ मीटर खोल आहे. भिंतीचा एकूण उतार ४५ अंश ठेवला तर प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे ३,५०० घनमीटर जादा खोदाई. ३० अंश ठेवला तर सुमारे ६,१०० घनमीटर. मोतूरची चिकणमाती पाण्याने मऊ होते, तिथे उतार कमी ठेवावा लागतो. उतार कमी म्हणजे खोदाई जास्त, पैसे जास्त. पण उतार जास्त ठेवून वाचवलेल्या पैशांची किंमत खाली काम करणाऱ्या कामगाराला जिवाने मोजावी लागू शकते.

तिसरे कारण, पाणी. कामठीचा वालुकाश्म सच्छिद्र आहे. भाजलेली वीट आणि काळ्या पाषाणाचा तुकडा वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुन्हा वजन करा. सच्छिद्र म्हणजे काय ते लगेच कळेल. अशा खडकातून खाण खाली गेली की भोवतालचे भूजल तिच्याकडे वाहू लागते. ते सतत उपसावे लागते. कन्हानसारख्या नदीच्या काठी पुराचाही विचार करावा लागतो. उपशाचा खर्च खाणीच्या हिशोबात येतो. भोवतालच्या विहिरी खोल गेल्या तर तो खर्च मात्र शेतकऱ्याच्या हिशोबात येतो.

चौथे कारण, कोळशाचा दर्जा. प्रयोगशाळा त्यातली आर्द्रता, राख, बाष्पनशील द्रव्ये आणि स्थिर कार्बन मोजते. २०१२ पासून भारतात कोळशाची प्रतवारी उष्मांकावर होते : जी-१ ते जी-१७. किलोला ७,००० किलोकॅलरींहून अधिक उष्णता देणारा जी-१, आणि २,२०० ते २,५०० देणारा जी-१७. आपला पंखा तेरा-चौदा तास फिरला की एक युनिट वीज होते, आणि तेवढ्या विजेसाठी कोराडी-खापरखेड्यासारख्या केंद्रात अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. राख जास्त असेल तर कोळसा जास्त लागतो आणि राखेचे डोंगरही वाढतात.

काढलेले ठेवायचे कुठे?

खडक फोडला की तो फुगतो. घट्ट बांधलेल्या धान्याच्या पोत्यापेक्षा मोकळे धान्य जास्त जागा घेते, तसे. एक घनमीटर खडकाचा सव्वा घनमीटरच्या आसपास ढिगारा होतो. सुरुवातीला खड्ड्यात जागा नसल्यामुळे तो बाहेरच टाकावा लागतो. पुढे कोळसा उचलून रिकाम्या झालेल्या भागात नवी ओबी भरत जातात. पण पहिला ढिगारा पुन्हा उचलून आत भरायचा म्हणजे दुप्पट खर्च. म्हणून चांगली योजना नसेल तर खाण संपल्यावर एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेला खड्डा उरतो.

ढिगाऱ्याखालची जमीनही तपासावी लागते. आपली काळी माती भिजली की निसरडी होते. तिच्यावर उंच ढीग घातला तर पावसाळ्यात तो घसरू शकतो. आणि ही वरची माती ओबीत मिसळू द्यायची नसते. ती वेगळी काढून ठेवली तरच पुढे ढिगाऱ्यावर झाडे लावता येतात. ओबी सगळी टाकाऊच असते असेही नाही. कामठी क्षेत्रात भानेगाव, गोंडेगाव इथे वेस्टर्न कोलफील्ड्सने ओबीतल्या वालुकाश्मापासून बांधकामाची वाळू वेगळी करून विकली आहे.

अपूर्णांकाच्या बाहेरचे

'ओव्हरबर्डन' या शब्दाचा अर्थ वरचे ओझे. कोळशाच्या बाजूने पाहिले तर शेत, विहीर, शाळा, स्मशान, जंगल हे सगळे ओझ्याच्या वर बसलेले. अपूर्णांकात त्यांना जागा नाही; त्यांची किंमत मोबदल्याच्या रकमेतून, तीही पैशात मांडता येईल तेवढीच, शिरते. पण कधी कधी अपूर्णांकाबाहेरची गोष्टच निर्णय करते. चंद्रपूर जिल्ह्यातला ताडोब्याजवळचा बंदर कोळसापट्टा २०२० मध्ये लिलावाच्या यादीत आला होता. वाघांच्या वावराच्या वाटेवरचा म्हणून त्याच वर्षी तो यादीतून वगळला गेला. तिथे कोळसा होता, आणि आजही आहे.

म्हणून शेतातल्या यंत्राचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कोळसाधारक क्षेत्रांच्या १९५७च्या कायद्यात कलम ४ची अधिसूचना असते ती शोधासाठी. ती निघाली म्हणजे जमीन गेली असे नव्हे. संपादनाचा इरादा कलम ७ खाली जाहीर होतो आणि त्यानंतर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत जनसुनावणी असते. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला ती बंद कशी करणार याची योजना आधीच द्यावी लागते आणि त्यासाठीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो.

जनसुनावणीत मोठमोठे नकाशे आणि जाड अहवाल मांडले जातात. ते पाहून गावकरी गांगरतो. पण आपण वर केलेले हिशोब ज्याला जमतात, त्याला चार प्रश्न नक्की विचारता येतील. बोअर किती अंतरावर घेतले? शेवटच्या हद्दीवर अपूर्णांक किती, आणि भाव चढला तर हद्द कुठवर सरकेल? उपसलेले पाणी कुठे जाणार, आणि आमच्या विहिरींची पातळी आजच कोण मोजून ठेवणार? खाण संपेल तेव्हा खड्डा किती मोठा उरेल?

यातला विहिरींचा प्रश्न तर शाळाही हाती घेऊ शकते. दोरीला दगड बांधून, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, गावातल्या पाच विहिरींची पाण्याची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. खाण होवो वा न होवो, तीन-चार वर्षांत ती वही गावाच्या भूजलाचा विश्वासू दस्तऐवज होईल. खाण झालीच, तर 'पाणी आधी कुठवर होते?' या प्रश्नाचे उत्तर गावाजवळ लिहिलेले असेल.